कच्च्या धाग्याची शिवण

माझ्या शुद्धलेखनाची आणि अक्षराची आधीच माफी मागते. अक्षर असे आहे की किराणाची यादी लिहून दिली तर दुकानदार ती मलाच परत वाचायला लावतो. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलींना तरीच्या होडीत बसवून पाठवायची आमच्याकडे रीत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ त्या खाडीच्या पलीकडेच राहिले.

तसे हे कोणी वाचणारही नाही. मस्कतमधल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यासाठी लिहायचे ठरले होते. अंकाचे काम लिमये वहिनी करत. त्या म्हणाल्या होत्या, "भाभी, दरवर्षी डॉक्टर लिहितात, बँकवाले लिहितात. यंदा तुम्ही लिहा. गाडीची सीट कशी शिवतात ते लिहा. चुकेल ते मी सुधारते." वहिनी आता नाहीत. त्यामुळे चुका तशाच राहतील आणि हे कागद माझ्या कपाटात राहतील. पण त्यांना हो म्हटले होते, म्हणून लिहिते. एका शिवणीबद्दल लिहायचे आहे. ती वहिनींच्या सीटला होती. ती घट्ट होती, एवढाच तिचा दोष.

आमचे दुकान वादी कबीरला, गॅरेजांच्या रांगेत. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर. चालवतात आमचे हे. यांचे नाव इब्राहिम. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. यांचे आजोबा गलबतांची शिडे शिवत. त्या घरात पोरांना चालायच्या आधी शिकवत असतील, की आपली शिवण सुटता कामा नये. भर समुद्रात शिवण सुटली की माणसे जातात. हे गाडीची सीट शिवतात तेव्हासुद्धा शेवटी धागा बोटाला गुंडाळून जोराने ओढून बघतात. तो आजोबांचा हात.

दुकानाच्या मागच्या अंगाला पडद्याआड माझी मशीन आहे. मला परक्या माणसांसमोर बोलता येत नाही. तरुणपणी येत नव्हते, आता केस पिकले तरी येत नाही. गिऱ्हाईक मला पडद्याखालून दिसते, म्हणजे त्याचे पाय दिसतात. ओमानी लोकांच्या चामडी चपला, गॅरेजवाल्यांचे ग्रीसने काळे झालेले बूट, ऑफिसातल्या माणसांचे पॉलिश. पाय आणि आवाज यावरून मी माणूस ओळखते. रस्त्यात तोच माणूस समोर आला तर मला कळणार नाही.

सीट शिवायची म्हणजे आधी उसवायची. जुने कव्हर उतरवून शिवणीशिवणीने सुटे करायचे, तुकडे सपाट करायचे, तोच फर्मा. त्यावरून नवे लेदर कापायचे आणि जोडायचे. उसवताना आधी शिवणाऱ्याचा हात कळतो. जपानी गाडीचे टाके बारीक, सगळे एका मापाचे. अमेरिकन गाडीचे टाके लांब, थोडे आळशी वाटणारे, पण आतला फोम असा की बसलेला माणूस उठायचे नाव घेत नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त काम एका अमेरिकन कंपनीच्या गाड्यांचे. कंपनीचे नाव लिहीत नाही. एवढी मोठी कंपनी, तिला माझ्या कागदात कशाला ओढू. तिच्या गाड्या कापडी सीटच्या यायच्या आणि इथली एजन्सी त्यांना आमच्याकडून लेदर चढवून विकायची. एकदा पडद्यापलीकडे एक पॉलिशचे बूट दुसऱ्या बुटांना सांगत होते, "हात लगाके देखो. ये अमेरिका की सिलाई है." मी मशीन थांबवली आणि ओढणी तोंडावर धरून हसले. ती सिलाई त्याच आठवड्यातली होती, आणि अमेरिका त्याच्यापासून चार हातांवर बसली होती.

वादी कबीरमध्ये चहाच्या टपरीवर या कंपनीचे बरे-वाईट रोज निघते. एसी हिच्यासारखा कोणाचा नाही, भर उन्हात गाडीत बसा, सिग्नल सुटेपर्यंत बोटे गार. पण पेट्रोल पाण्यासारखे पिते. गिअरबॉक्स गरम होतो. विकायला काढली तर घेणारा तोंड वाकडे करतो. सगळे खरे. आणि तरी सहम गावाहून एक म्हातारे यायचे, त्यांच्याकडे हिचीच जुनी पिक-अप होती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. "सडक बाद में आया, ये पहले आया," ते सांगत. खजुराच्या गोण्या, आजारी माणसे, नवऱ्या मुली, सगळे तिच्यातून गेले. पुढची अखंड लांब सीट त्यांनी कधी पूर्ण बदलू दिली नाही. फाटेल तेवढेच ठिगळ. हे म्हणायचे, "चाचा, अब तो पैबंद को पैबंद लगता." त्यावर ते म्हणत, "मुझे भी."

लिमये साहेब अल् घुब्राला राहायचे. पुण्याचे, मोठ्या पगाराचे. त्यांनी सगळ्यांचा सल्ला मोडून या कंपनीची सात सीटांची मोठी गाडी घेतली, वापरलेली, आणि सीट करायला आमच्याकडे आले. त्या माणसाला कंपनीची सगळी कुंडली पाठ. चहा मागवायचे, स्टुलावर बसायचे आणि यांना सांगत राहायचे. शंभर वर्षांहून जुनी कंपनी. आधी एकेक गाडी माणसे मिळून बांधत. मग पट्टा आला. गाडी पट्ट्यावरून सरकत जाणार आणि माणूस जागेवर उभा, त्याने दिवसभर एकच बोल्ट आवळायचा.

यांनी विचारले, "मग पूर्ण गाडी कुणी केली म्हणायचं?"

"कुणीच नाही, इब्राहिमभाई. तीच तर गंमत आहे."

यांना ती गंमत वाटली नाही.

"मधे बुडायला आली होती," साहेब म्हणाले. "चुकाही कमी नाही केल्या. पण एक आहे. चूक सापडली की जगभरातून गाड्या परत बोलावतात. रीकॉल म्हणतात त्याला. मालकाला कळवतात, आमचं चुकलं, गाडी आणा, फुकट दुरुस्त करून देतो. म्हणून मी यांचीच गाडी घेतो. जो बोलावून सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा."

हे त्या दिवशी जेवताना म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, आणि चुकलो म्हणते गो."

त्याच दिवशी वहिनी पहिल्यांदा आल्या होत्या. पडद्याखालून मला पांढऱ्या पट्ट्यांच्या सँडल दिसल्या, त्या सरळ माझ्याकडेच आल्या आणि पडदा वर झाला. "अगं बाई, तुम्ही इथे लपलात? मी काय तुमचा सासरा आहे?" असे म्हणून त्या फोमच्या ढिगावर बसल्याच. माझे दोन शब्द ऐकून म्हणाल्या, "रत्नागिरी." मग येतच राहिल्या. त्यांची मुले घरात इंग्रजी बोलायची. माझी लेक सलमाही तशीच, आता ती शाळेत शिकवते तरी मराठीत अडखळते. वहिनी म्हणायच्या, "भाभी, आपण दोघी बोलून घेऊ, नाहीतर इथे मराठी आपल्याबरोबरच संपायची." मी त्यांना भाजलेल्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पूड दिली होती. लपवून खावी लागते, घरी सासूबाई आल्यात, असे त्यांनी हसून सांगितले होते.

आता शिवणीचे सांगते.

नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटांमध्ये, दाराकडच्या कडेला, हवेची एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली की ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते आणि दार व माणूस यांच्या मधे येते. ती बाहेर येते सीटची कड फाडून. म्हणून तेवढ्या कडेची शिवण पातळ, वेगळ्या धाग्याने आणि एकेरीच घालायची असते. हे आम्हाला एजन्सीच्या खालिदने शिकवले. खालिद ओमानी, इंजिनिअर, हिंदी आपल्यासारखे बोलतो. त्याने नमुन्याची शिवण दोन बोटांनी टरकन फाडून दाखवली. यांचा चेहरा असा झाला, जणू त्याने घरातले कोणी मारले असावे.

"फाडनेके वास्ते सीना है?" यांनी विचारले.

"हां उस्ताद. ये सिलाई टूटने के लिए ही है. नहीं टूटी तो बैग अंदर रहेगा."

यांनी मान हलवली. पण एजन्सीतून परत आल्यावर तो धागा माझ्या मशीनवर आणून ठेवला. "ही शिवण तूच घाल गो. माझा हात तसा चालत नाही." तेव्हापासून प्रत्येक गाडीची ती एक शिवण माझी. बाकी सगळी सीट यांची. मला त्याचे काही वाटायचे नाही. मला उलट बरे वाटायचे, की जगात एक तरी शिवण अशी आहे जिने वेळेवर सुटावे म्हणून ती घालतात.

मग माझी आई गेली. चाळिसाव्या दिवसापर्यंत मी गावी राहिले. त्या दिवसांत वहिनी एकदा दुकानात आल्या. उतरताना त्यांच्या पर्सची कडी नेहमी सीटच्या कडेला अडकायची, आणि तिथली शिवण थोडी उसवली होती. मी असते तर पुन्हा तशीच घालून दिली असती आणि पर्स दुसऱ्या खांद्याला लावा म्हटले असते. मी नव्हते. वहिनी यांना म्हणाल्या, "काय इब्राहिमभाई, आजोबांची शिडं अशीच फाटायची का?"

त्या चेष्टा करत होत्या. यांनाही ते कळत होते, मला सांगताना हे हसतच सांगत होते. पण ते बोलणे यांना आत कुठेतरी लागले. यांनी जाड नायलॉनचा दुहेरी धागा घेतला आणि आजोबांनी शिडाची कड मारली असती तशी ती कड मारून दिली. बैसा, म्हणजे इथला पैसा, एकही घेतला नाही. वहिनींनी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "आता कशी." यांना इतके समाधान वाटले की पुढे आलेल्या दोन-तीन गाड्यांनाही तशीच कड मारली.

गावाहून आल्यावर मी मशीनवर बसले तर पातळ धाग्याचे रीळ मी ठेवून गेले तसेच होते. मी विचारले, "गाड्या आल्या नाहीत?"

"आल्या की."

"मग कडेची शिवण?"

यांनी आनंदाने सगळे सांगितले. मी ते रीळ उचलून यांच्यासमोर धरले. त्यावरून यांना कळले.

"अगो, जी पिशवी माणसाला अडवते, तिला काय धागा अडवील?" हे म्हणाले. पण म्हणतानाच आवाज खाली गेला. यांनी खालिदला फोन लावला. खालिद ओरडला नाही. तो एवढेच म्हणाला, "उस्ताद, गाड़ी वापस बुलाओ. सब की सब. आज."

आणि यांनी गाड्या परत बोलावल्या, त्या कंपनीसारख्या. फोनवर प्रत्येकाला सांगितले, "हमसे गलती हुआ. गाडी लाओ, पैसा नहीं." इथे कोणाला असे ऐकायची सवय नाही. एक ओमानी शिक्षक आले, त्यांना वाटले यात काही फसवणूक आहे. सगळा वेळ दारात उभे राहून बघत होते. "अच्छा सिलाई क्यों खोलता? बाद में पैसा मांगेगा?" मी पडद्याआड पातळ धाग्याची शिवण घातली. त्यांनी जाताना ती बोटाने दाबली आणि म्हणाले, "पहले वाला अच्छा था."

लिमये साहेबांना फोन सर्वांत आधी केला होता. ते हसायला लागले. "इब्राहिमभाई, तुम्ही पण रीकॉल काढलात? वा. पण आम्ही सलालाला निघालोय हो, बॅगा भरून झाल्या. मुलं आजीजवळ राहतायत, आम्ही दोघंच चाललोय. आलो की पहिलं तुमच्याकडे."

"साहेब, आजच या. पाव तासाचं काम आहे."

मागून वहिनींचा आवाज आला, "भाभी आल्या का गावाहून? द्या त्यांना." यांनी फोन माझ्या कानाला लावला. वहिनींनी आईची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "लेख झाला का?"

"नाही," मी म्हटले. "वहिनी, ती शिवण उसवून मग जा."

"अहो, आत्ता कुठे ती नीट बसली आहे. आल्यावर बघू. तुम्ही लेख लिहा, मी आल्यावर मागे लागणार आहे."

मला कोणाला अडवून बोलताच येत नाही. फोन मी यांच्या हातात दिला.

यांनी उसवायचा काटा खिशात टाकला आणि टॅक्सी करून अल् घुब्राला गेले. इमारतीच्या वॉचमनने सांगितले, साहेब-मॅडम आत्ताच गेले, उन्हाच्या आत निझवाला पोचायचे म्हणून. यांनी तिथून परत फोन केला. साहेब गाडी चालवत होते. हे म्हणाले, "साहेब, कुठंही थांबा आणि ब्लेडनं ती शिवण कापा. वहिनींच्या बाजूची. दाराकडची. वरून खालपर्यंत कापा, लेदर गेलं तरी चालेल, मी नवं घालीन." साहेब म्हणाले, "बरं, थांबलो की बघतो."

बाकीच्या गाड्या आल्या, गेल्या. तेवढी एकच राहिली. हे रोज मला विचारायचे, "कापली असेल ना गो?" मी म्हणायची, "कापली असेल. शिकलेला माणूस आहे." सलालाला जायचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे. दोन्हीकडे वाळवंट, सरळ रेघ, आणि त्या रेघेवर सगळे एकमेकांच्या अंगावर धावत येतात.

फोन परतीच्या दिवशी आला. नंबर लिमये साहेबांचा, आवाज दुसऱ्याचा. वाटेतल्या हैमाजवळ पेट्रोल पंपातून निघून रस्ता ओलांडताना उजवीकडून पिक-अप आदळली. इथे चालवणारा डावीकडे बसतो, उजवीकडे वहिनी होत्या. साहेबांचा हात मोडला होता. वहिनींबद्दल त्या माणसाने आधी "सीरियस" म्हटले, आणि मग यांनी काही विचारायच्या आत "अल्लाह यरहमहा" म्हणाला. ते गेलेल्या माणसाबद्दलच म्हणतात.

वहिनींना पुण्याला नेले. गाडी मस्कतला ओढून आणली, तेव्हा खालिद ती पाहायला गेला आणि यांनाही घेऊन गेला. मी गेले नाही. शिवण कापलेली नव्हती. पिशवी बाहेर आली होती, पण जिथून यायची तिथून नाही. वरच्या टोकाने, शिवण जिथे संपते तिथून. यांनी विचारले, "सिलाई कच्चा होता तो बचती?"

खालिद म्हणाला, "उस्ताद, पिक-अप बहुत तेज़ थी. मैं नहीं बोल सकता."

"कौन बोल सकता?"

"कोई नहीं."

यांनी तेच पुन्हा पुन्हा विचारले. खालिद शेवटी गाडीकडे पाठ करून उभा राहिला. घरी येऊन यांनी मला सांगितले, "धागा तुटला नव्हता गो. एकही टाका तुटला नव्हता." आयुष्यभर हे वाक्य यांनी अभिमानाने म्हटले होते.

लिमये साहेब पुण्याहून परत आले, हात गळ्यात बांधलेला. आम्ही दोघे अल् घुब्राला गेलो. मी चपलांच्या मांडणीपाशी उभी राहिले. तिथे त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सँडल होत्या. कोणी काढल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले.

हे म्हणाले, "साहेब, ती शिवण..."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत. निझवाला थांबलो होतो. ब्लेड हातात होतं माझ्या. ती म्हणाली, इतकं छान शिवलंय, सुटीवर आलोय, आता काय फाडत बसतोस. इब्राहिमभाईंना सांग, मी पर्स मांडीवर ठेवते. मी ब्लेड परत ठेवलं."

खोलीत एसीचा आवाज होता. आतल्या खोलीत मुले इंग्रजीत काहीतरी हळू बोलत होती.

"मग चूक कुणाची, साहेब?" यांनी विचारले. असे कोणी विचारते का. पण यांना ते विचारल्याशिवाय जगता येत नव्हते.

"कुणाचीच नाही, इब्राहिमभाई," साहेब म्हणाले. मग त्यांना ते पट्ट्याचे बोलणे आठवले असावे. ते एकदम उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले.

हे म्हणाले, "त्या गाडीच्या सगळ्या कामाचे पैसे मी परत देणार. ते माझ्या घरात नकोत."

"मला नकोत."

"माझं काम चुकलं. चुकल्या कामाचा दाम मला हराम आहे."

"पैसे देऊन काय होणार आहे?"

"काही नाही होणार."

साहेब वळले. इतका वेळ शांत असलेला तो माणूस वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मग द्या. सगळे द्या. एक बैसासुद्धा सोडू नका." रागाने म्हणाले की रडण्याने, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी ते मागितले, आणि यांच्या खांद्यांवरचे काहीतरी क्षणभर खाली उतरलेले मी पाहिले.

पण पैसे होते कुठे. सात सीटांचे लेदरचे काम, त्यातला वाटा अर्बाबला गेलेला, उरलेले आईच्या आजारपणात. आणि यांनी शिवणे सोडले. एक दिवस मशीनवर बसले, पाय ठेवला, उठले. पुन्हा बसले नाहीत. आता हे फक्त उसवतात. जुनी कव्हरे उतरवतात, टाका टाका सोडवतात, तुकडे नीट रचून पडद्याआड माझ्याकडे सरकवतात. सगळी सीट आता मी शिवते. माझा हात बरा आहे, पण यांच्यासारखा नाही, आणि गिऱ्हाईकाला ते समजते. शिवाय अमेरिकन गाड्या हल्ली लेदर चढवूनच येतात आणि रस्त्यावर चिनी गाड्या वाढल्या आहेत. एजन्सीचे काम बंद झाले. सहमचे म्हातारे मागे एकदा आले होते. यांच्या हातात सुई नाही हे पाहून त्यांनी ठिगळाचे नाव काढले नाही. चहा पिऊन, फाटकी सीट घेऊन परत गेले.

सलमा म्हणते, "अम्मी, शॉप क्लोज करा ना. मी आहे ना." मी तिला काय सांगू. उसवायलाही काम लागते माणसाला.

दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला, नमाज झाल्यावर, आम्ही अल् घुब्राला जायचो. जमेल तेवढे पाकिटात. कधी फारच थोडे. साहेब दार उघडायचे, आम्हाला बसवायचे, पाणी द्यायचे. एकदा मुलीने चहा केला, त्यात साखर विसरली. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला. सँडल तिथेच असायच्या. मग कधीतरी मला त्यांच्याकडे बघता यायला लागले, आणि एक दिवस त्या तिथे नव्हत्या.

परवाच्या जुम्म्याला गेलो तेव्हा घरभर खोकी बांधलेली होती. साहेब नोकरी सोडून पुण्याला चालले आहेत. मुलांना आजीजवळ राहायचे आहे. यांनी पाकीट पुढे केले. त्यात शेवटचे पैसे होते, साहेब जाणार कळले तेव्हा मी माझी बांगडी मोडली होती.

"मोजून घ्या, साहेब," हे म्हणाले.

साहेब मोजत नसत. त्या दिवशी खोक्यावर बसून त्यांनी एकेक नोट मोजली, सावकाश, कोणाचे तरी ऐकत असल्यासारखे. मग वर बघून मला म्हणाले, "भाभी, तुमचा लेख झाला का? हैमाच्या पंपावर पाणी घेताना ती म्हणत होती. घरी गेले की पहिलं भाभींच्या मागे लागते."

मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांना कळले नसेल. मलाही कळले नाही.

"बरोबर आहेत," साहेब म्हणाले आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवले. "पूर्ण झाले, इब्राहिमभाई. आता काही राहिलं नाही."

यांनी त्यांचा मोडून जुळलेला हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. आम्ही बाहेर आलो. लिफ्ट आली, तरी हे तिच्यात शिरले नाहीत. तिचे दार मिटले.

"अगो," हे म्हणाले, "आता पुढच्या जुम्म्याला आपण कुठं जायचं?"